नाव, गाव आणि वर्षं

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला कुणी शिकवलं, सुरी धरायला कुणी शिकवलं, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, कारण त्या गुरूंचे फोटो विभागाच्या भिंतीवर आहेत. एक देणं मात्र त्या भिंतीवर बसणारं नाही. ते आहे मेक्सिको सिटीतल्या दोक्तोरेस वस्तीतल्या, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका बाईंचं, आणि त्यांच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका कुस्तीच्या कंपनीचं. कंपनीचं नाव कोन्सेहो मुंदियाल दे लुचा लिब्रे. २१ सप्टेंबर १९३३ ला तिचा पहिला खेळ झाला आणि अजून ती चालू आहे. व्यावसायिक कुस्तीची इतकी जुनी आणि आजही चालती असलेली दुसरी कंपनी जगात नाही.

१९९८ मध्ये तिथल्या हॉस्पिटल जनरलमध्ये प्रशिक्षणासाठी मी गेले. हॉस्पिटल दोक्तोरेसमध्येच आहे. वस्तीचं नावच डॉक्टरांवरून पडलेलं, रस्त्यांनाही डॉक्टरांचीच नावं. दोक्तोर व्हेर्तिस, दोक्तोर बाल्मिस, दोक्तोर लाविस्ता. नावं भारदस्त आणि वस्ती गरीब. गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकानं, गॅरेजं, आणि मधल्या अंगणाभोवती खोल्या असलेले जुने वाडे. अशाच एका वाड्यात मला खोली मिळाली. घरमालकीण साठीकडे झुकलेल्या होत्या. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना ‘दोन्या’ म्हणू लागले आणि त्या मला ‘मिहा’, म्हणजे आपल्याकडे वडीलधारी बाई ‘पोरी’ म्हणते तसं.

दोन्यांच्या खिडकीपाशी शिवणयंत्र होतं आणि शेजारच्या टेबलावर मुंडकी. पहिल्या सकाळी मी त्या टेबलापाशी किती तरी वेळ उभी होते. लाकडी साच्यांवर चढवलेले मुखवटे, काही पूर्ण, काही डोळ्यांवाचून. त्या एका कारागिराकडून काम आणून घरी शिवत. ताणलं जाणारं कापड, त्याला आतून अस्तर, वरून डोळ्यांच्या, नाकाच्या, तोंडाच्या कडेनं चकाकत्या रेक्झिनची नक्षी, आणि मागे टाळूपासून मानेपर्यंत बुटासारखी नाडी. नक्षीचे तुकडे हातानं कापायचे. उजवा डोळा डाव्याहून केसभर वर गेला तर सगळा चेहरा बिघडतो. प्रेतं शिवून माझा हात तयार झालेला होता, म्हणून संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून कडा शिवू लागले. माझं स्पॅनिश तेव्हा पेशंटची नाव-पत्त्याची पट्टी वाचण्यापुरतं होतं. दोन्या एकेक तुकडा उचलून मला दाखवत आणि त्याचं नाव सांगत. ‘याला अजून डोळे दे, मिहा, बिचारं आंधळं आहे,’ असं म्हणत. माझ्या स्पॅनिशचा पाया त्या टेबलावर घातला गेला.

मुखवट्याची गोष्ट त्या अशी सांगत. तीसच्या दशकात एका अमेरिकन पैलवानाला, सायक्लोन मॅकीला, चेहरा झाकून खेळायचं होतं. तो गेला आंतोनियो मार्तीनेसकडे. मार्तीनेस मूळचा लेओनचा, म्हणजे चामड्याच्या धंद्याच्या गावचा. पैलवानांचे बूट बनवायचा आणि स्वतः कुस्तीचा शौकीन होता. त्यानं पायाऐवजी डोक्याची मापं घेतली आणि शेळीच्या मऊ कातड्याचा मुखवटा करून दिला. पुढे मार्तीनेसच्या दुकानातून पिढ्यान्‌पिढ्या मुखवटे निघाले. ती मागची नाडी मी जेव्हा जेव्हा ओवली, तेव्हा मला बूट बनवणाऱ्याचे हात दिसले.

कंपनी काढली साल्वादोर लुतेरोतनं. हालिस्को राज्यातल्या कोलोत्लानचा हा माणूस क्रांतीच्या काळात सैन्यात होता. नंतर सरकारी करखात्यात लागला आणि त्याची नेमणूक सीमेवरच्या सिउदाद हुआरेसला झाली. नदीपलीकडे एल पासो. तिथे १९२९ च्या सुमाराला त्यानं कुस्तीचे खेळ पाहिले आणि ते त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. फ्रान्सिस्को आउमादा या भागीदाराबरोबर त्यानं राजधानीत जुनं ‘अरेना मोदेलो’ मिळवलं आणि ‘एम्प्रेसा मेहिकाना दे लुचा लिब्रे’ सुरू केली. पुढे राष्ट्रीय लॉटरीत त्याला बक्षीस लागलं, आणि पुढची वास्तू उभी करायला त्या पैशाचा हात लागला, असं तिथे सगळे सांगतात. २ एप्रिल १९४३ ला पेरू रस्त्यावर ‘अरेना कोलिसेओ’ उघडलं, आणि २७ एप्रिल १९५६ ला, जुन्या मोदेलोच्याच जागेवर, दोक्तोर लाविस्ता रस्त्यावर ‘अरेना मेहिको’. सोळा हजारांहून जास्त माणसं बसतात. १९६८ च्या ऑलिंपिकची मुष्टियुद्धं तिथेच झाली. लोक त्याला लुचा लिब्रेचं कॅथीड्रल म्हणतात, आणि दोन्या चर्चला जाताना ज्या नेटकेपणानं केस बांधत त्याच नेटकेपणानं शुक्रवारी संध्याकाळी अरेनाला जाताना बांधत.

कंपनी फुटलीही. १९७५ मध्ये मोठे पैलवान बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संस्था काढली. १९९२ मध्ये आंतोनियो पेन्या बरेच जण घेऊन गेला. त्याच्या थोडं आधी जुनं नाव बदलून आजचं नाव आलं होतं आणि कारभार लुतेरोतचा नातू पाको आलोन्सो बघत होता. या सगळ्या भानगडी मला दोन्यांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या. मला त्यात रस वाटला नाही आणि आजही वाटत नाही. मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की वारांचं वेळापत्रक मोडलं नाही. शुक्रवारी अरेना मेहिको, सोमवारी प्वेब्ला, मंगळवारी ग्वादालाहारा. माणसाला आठवड्यात एक दिवस असा लागतो, की ज्या दिवशी कुठे जायचं हे ठरलेलं असतं. परक्या शहरात तर फारच लागतो.

मी कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आमच्या घरापासून लांब नव्हतं. आजोबा माझ्या भावाला खांद्यावर बसवून कुस्त्यांना नेत, मला नाही. मुलींनी तिथे जायचं नसे, आणि का जायचं नाही हेही विचारायचं नसे. खासबाग वाडग्यासारखं आहे, कुठेही बसा, तांबडी माती दिसते, असं भाऊ सांगायचा. अरेना मेहिकोत वरच्या स्वस्त बाकांवर दोन्यांच्या शेजारी मी पहिल्यांदा बसले तेव्हा तसंच सगळं उतरत खाली रिंगणाकडे गेलेलं दिसलं. आजूबाजूला सगळ्या वयाच्या बाया. आज्या, मुलाला पदराखाली घ्यावं तसं शालीत घेतलेल्या आया, कॉलेजच्या पोरी. निवेदकानं लांबवून सांगितलं, तीनपैकी दोन डाव, वेळेची मर्यादा नाही, आणि माझ्या शेजारची सत्तरीची बाई उठून अशी ओरडली की माझा कान बधिर झाला.

तिथे मल्लांचे दोन पक्ष असतात. नियमानं खेळणारे तेक्निको, आणि नियम मोडणारे, पंचाची पाठ वळली की गुद्दे घालणारे रुदो. दोन्या रुदोंच्या. हे मला विचित्र वाटायचं, कारण व्यवहारात त्यांच्याइतकी सरळ बाई मी पाहिलेली नाही. ‘चांगल्यांकडे बाकी सगळे आहेत,’ त्या म्हणत, ‘यांच्याकडे कुणी तरी असायला नको?’ मुखवट्याची नाडी ओढणं गुन्हा, मुखवटा खेचून काढला तर डाव गेला. हे सगळं मी ओरडत ओरडत शिकले. प्रयोगशाळेत कुणी माझं वाक्य दुरुस्त केलं की मी गप्प बसत असे. अरेनात मी चुकीचं व्याकरण सोळा हजार माणसांत मिसळून दिलं आणि कुणालाही ते खुपलं नाही. महिन्याभरात मी प्रयोगशाळेतही बोलू लागले.

ज्या रिंगणासमोर मी ओरडत होते, त्या रिंगणात बायांना बरीच वर्षं बंदी होती. पन्नाशीच्या दशकात एर्नेस्तो उरुचुर्तू या राजधानीच्या कारभाऱ्यानं बायकांच्या कुस्त्या बंद केल्या, आणि ती बंदी उठायला १९८६ चा डिसेंबर उजाडला. तोवर इर्मा गोन्सालेससारख्या मल्ल बाया राजधानीबाहेर, गावोगावी खेळत राहिल्या. माझ्या मेक्सिकन सहकाऱ्यानं मला एकदा लुर्देस ग्रोबेत यांची छायाचित्रं दाखवली. ग्रोबेत लहान असताना वडिलांनी त्यांना कुस्तीला जाऊ दिलं नव्हतं. मोठेपणी कॅमेरा घेऊन त्या अरेनात गेल्या आणि वर्षानुवर्षं जात राहिल्या. त्यांच्या एका छायाचित्रात मुखवटा घातलेली मल्ल बाई घरात बसून बाळाला बाटलीनं दूध पाजते आहे. रिंगण आणि घर यांच्यात भिंत घालणाऱ्या सगळ्यांना त्या एका चौकटीनं उत्तर दिलं आहे. ग्रोबेत २०२२ मध्ये गेल्या. त्यांना भेटण्याचा योग आला नाही, तरी माझ्या देण्यांच्या वहीत त्यांचं नाव आहे.

आता मुख्य गोष्ट. या खेळात सगळ्यात मोठी कुस्ती पदकासाठी नसते, पैजेसाठी असते. मुखवटा विरुद्ध मुखवटा, किंवा मुखवटा विरुद्ध केस. केस हरलेल्याचं डोकं तिथेच भादरतात. मुखवटा हरलेल्याला तो तिथेच काढावा लागतो, आणि मग स्वतःचं खरं नाव, जन्मगाव आणि या धंद्यात किती वर्षं काढली हे सांगावं लागतं. तो मुखवटा त्याला पुन्हा घालता येत नाही. ७ नोव्हेंबर १९५२ ला कोलिसेओत एल सांतोनं ब्लॅक शॅडोचा मुखवटा जिंकला. त्या रात्री दोन्यांचे वडील तिथे होते. घरी परतल्यावर ते जेवले नाहीत, एवढं दोन्यांना आठवत होतं. एल सांतो स्वतः, तुलान्सिंगोचा रोदोल्फो गुस्मान, १९४२ पासून चंदेरी मुखवट्यात वावरला, सिनेमात गेला, देशाचा लाडका झाला, आणि ५ फेब्रुवारी १९८४ ला गेला तेव्हा मुखवट्यासकट पुरला गेला.

कुस्ती आधी ठरलेली असते का, हे मला इथे हमखास विचारतात. निकाल ठरलेला असतो. पण मी शरीरं उघडून बघणारी बाई आहे, आणि पाठीवर आदळणारी पाठ मला कळते. ऑक्टोबर १९९३ मध्ये कोलिसेओत ओरो नावाचा २१ वर्षांचा मल्ल खेळताना कोसळला आणि गेला. ग्वादालाहाराचा नामांकित वस्ताद दियाब्लो वेलास्को पोरांना वर्षानुवर्षं पडायला शिकवत असे ते याचसाठी. आणि मुखवटा गेला की तो खरोखरच जातो. ठरवून हरलेल्यालाही दुसऱ्या दिवशी उघड्या तोंडानं बाजारात जावं लागतं.

दोन्या शुक्रवारी जात तशा पैजेच्या कुस्तीला जात नसत. त्या दिवशी त्या काळा ब्लाउज घालत. का, ते त्यांनी मला एका सप्टेंबरात सांगितलं. त्या पूर्वी सान आंतोनियो आबाद रस्त्यावर कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होत्या. १९ सप्टेंबर १९८५ ला सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मुलीला ताप होता म्हणून त्या घरी होत्या. कापडाच्या गठ्ठ्यांनी आणि यंत्रांनी ठासलेल्या इमारती मजल्यावर मजला बसून खाली आल्या. शेकडो शिवणारणी गेल्या. मालकांनी आधी यंत्रं आणि तिजोऱ्या बाहेर काढल्या, असं वाचलेल्या बायांनी तेव्हा उघडपणे सांगितलं. त्यातूनच एव्हान्हेलिना कोरोनाच्या नेतृत्वाखाली शिवणारणींची ‘१९ सप्टेंबर’ नावाची संघटना उभी राहिली. दोन्या तिच्या मोर्च्यांना गेल्या होत्या. घरं गेलेल्या भाडेकरूंसाठी १९८७ मध्ये सुपरबार्रियो नावाचा लाल-पिवळ्या मुखवट्याचा माणूस सरकारी कचेऱ्यांत जाऊन उभा राहू लागला, तेव्हा त्यालाही त्या बघून आल्या होत्या. ‘शिवण चांगली होती,’ एवढंच त्यांनी मला त्याच्याबद्दल सांगितलं.

मग म्हणाल्या, ‘माझ्या रांगेतल्या बायांची नावं कुठेच नव्हती, मिहा. हजेरीपट नव्हता. कोण कुठली, किती वर्षं शिवत होती, कुणी विचारलं नाही. अरेनात हरलेल्याला विचारतात. सगळ्यांसमोर विचारतात, आणि तो सांगेपर्यंत थांबतात.’

मी त्या वेळी शवविच्छेदन विभागात काम करत होते. बेवारस म्हणून आलेल्या देहांना आम्ही क्रमांक देत होतो. दोन्यांनी हे सांगितल्यानंतर ते काम मी पूर्वीसारखं करू शकले नाही. नाव नसेल तर निदान हातांचं वर्णन मी नीट लिहू लागले. बोटावर सुईचे घट्टे, अंगठ्याला चुन्यानं पडलेल्या भेगा, ओझ्यानं दबलेला खांदा. त्यावरून दोघांची ओळख पटली आणि घरचे येऊन घेऊन गेले.

१७ मार्च २००० ला आत्लांतिस आणि व्हियानो तेर्सेरो यांची मुखवट्याची पैज होती. दोक्तोरेसमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आत्लांतिस म्हणजे निळा-पांढरा मुखवटा, तेक्निको, पोरांचा लाडका, दियाब्लो वेलास्कोच्या हाताखाली तयार झालेला. व्हियानो म्हणजे गुलाबी-काळा मुखवटा, रुदो, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, राय मेंदोसा या मोठ्या विजेत्याचा मुलगा. त्या घरातले भाऊ व्हियानो या एकाच नावानं आणि नुसत्या आकड्यांनी ओळखले जात. त्या आठवड्यात दोन्यांच्या यंत्रावर दोन्ही रंगांचे मुखवटे होते, पोरांच्या मापाचे, अरेनाबाहेर विकायला. निळे जास्त शिवायला सांगितले होते. दोन्यांनी गुलाबी जास्त शिवले.

त्या रात्री अरेना वरपर्यंत भरलं होतं. दोघांनीही एकमेकांना सोडलं नाही. लांब चाललेल्या कुस्तीत एक क्षण असा येतो की दोघंही उभे राहायचे ते सवयीनं राहतात. इस्पितळात रात्रपाळीला मी तो थकवा पाहिलेला आहे. मग आत्लांतिसनं त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलला. हा त्याचा ठेवणीतला पेच, त्याच्याच नावानं ओळखला जाणारा. व्हियानोची पाठ धनुष्यासारखी वाकली आणि त्यानं हार मान्य केली. माझ्या शेजारी दोन्या ताठ उभ्या होत्या. नंतर रिंगणात नाडी सुटायला लागली. ती नाडी कशी ओवतात हे मला हातानं माहीत होतं, आणि ती सुटताना माझ्या बोटांत कळ आली. मुखवट्याखालून पांढुरका, घामेजलेला, चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा निघाला. तीस वर्षं ज्यानं ऊन पाहिलं नाही असा. त्यानं सांगितलं, आर्तुरो दियास मेंदोसा. वर्षं सांगितली. त्याला शिव्या घालायला आलेली माणसंही उभी राहिली आणि टाळ्या वाजवत राहिली. पलीकडे एक मुलगा निळा मुखवटा घालून हुंदके देत होता. त्याचा गडी जिंकला होता, तरी.

माझे वडील त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापुरात गेले होते. तार नव्हे, फोन आला होता, आणि मला जाता आलं नव्हतं. मी रजेचा अर्ज भरला, तिकिटाचा हिशेब केला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. परक्या देशात कुणापाशी रडायचं? त्या रात्री, आर्तुरो दियास मेंदोसाचं नाव ऐकल्यावर, मी मोठ्यानं माझ्या वडिलांचं नाव उच्चारलं. गाव सांगितलं. पाटबंधारे खात्यात किती वर्षं नोकरी केली ते सांगितलं. मराठीत. दोन्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नसेल, पण काय चाललं आहे ते पुरतं कळलं. त्यांनी शेजारच्यांना हातानं खूण केली, आणि अनोळखी सात-आठ माणसं माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागली. माझ्या वडिलांसाठी. हे ऋण मी कुठल्या कागदावर लिहू आणि कुणाला परत करू?

त्याच वर्षी मी परतले. गेली काही वर्षं मी आमच्या विभागात एक रीत पाडली आहे. शवागारातला मदतनीस, सफाई कामगार, स्लाइड रंगवणारा तंत्रज्ञ, कुणीही निवृत्त झालं की शाल-श्रीफळाच्या आधी त्याला व्यासपीठावर एकट्याला उभं करायचं. त्यानं स्वतःचं पूर्ण नाव, गाव आणि इथे काढलेली वर्षं सांगायची. विद्यार्थ्यांपासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं. काहींना बोलवत नाही. आम्ही थांबतो. हा प्रघात कुठला, असं मुलं विचारतात, आणि मी त्यांना दोक्तोर लाविस्ता रस्त्याचा पत्ता सांगते.

व्हियानो तेर्सेरो ऑगस्ट २०१८ मध्ये गेला. त्याच्या महिनाभर आधीच मेक्सिको सिटीनं लुचा लिब्रेला आपला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली होती. दोन्यांच्या मुलीनं मला त्या दोन्ही बातम्या कळवल्या. २०२० मध्ये अरेना बंद पडलं तेव्हा मुखवटे शिवणाऱ्यांनी नाका-तोंडाचे मास्क शिवले, त्यात ती होती. यंत्र आता तिच्याकडे आहे. दोन्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, पण शुक्रवार त्या सोडत नाहीत. नातू हाताला धरून नेतो, वरच्या बाकांऐवजी खालच्या.

हे लिहायला घेताना मी फोन करून त्यांची परवानगी मागितली. म्हटलं, दोन्या, सगळ्यांची नावं येतील, तुमचं पूर्ण नाव आणि गावही लिहिते. त्या चटकन म्हणाल्या, ‘लुतेरोतचं लिही, मार्तीनेसचं लिही, आर्तुरोचं तर लिहीच. माझं लिहायचं नाही, मिहा. मला अजून कुणी हरवलेलं नाही.’